अठ्ठेचाळीस अंडी, तेरा पिल्लं: इंदूरच्या एका घरातल्या बटेर-उबवणीचं प्रकरण

न उबलेली अंडी लोक सहसा वास सुटायच्या आत टाकून मोकळे होतात. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की पिशवी बाहेर, विषय संपला. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या घरात तसं झालं नाही. उरलेली पस्तीस अंडी स्टीलच्या परातीत घेऊन एकेक फोडली आणि आत काय दिसलं ते वहीत लिहिलं. मार्चच्या पहिल्या खेपेला अठ्ठेचाळीस अंड्यांतून तेरा पिल्लं निघाली होती, एप्रिलच्या दुसऱ्या खेपेला तेवढ्याच अंड्यांतून चौतीस. मधल्या काळात पेटी तीच होती, बल्ब तेच होते आणि अंडी आणली तो फार्मही तोच. मग फरक कशाने पडला ते त्या वहीवरून सांगता येतं.

घरात काकू आणि कॉलेजात जाणारा पुतण्या. हेतू छोटा: वीस-पंचवीस बटेर (लाव्यासारखा छोटा पाळीव पक्षी), घरापुरती अंडी.

पेटी

मासळी बर्फात घालून पाठवतात तसली जाड थर्माकोलची पेटी, ६० × ४० × ४० सेंटिमीटर. झाकणात वहीच्या पानाएवढी काच. आत ४० वॉटचे दोन तंतूचे बल्ब समांतर जोडलेले, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. एलईडी इथे कामाचा नाही, त्याला पुरेशी ऊबच नसते. बल्ब थर्माकोलपासून किमान ८-१० सेंटिमीटर लांब हवा आणि मागे पत्र्याचा तुकडा हवा, नाहीतर भिंत वितळते आणि पेट घ्यायलाही वेळ लागत नाही. हवा फिरवायला कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा. तापमान सांभाळायला डब्ल्यू-१२०९ नावाचा छोटा थर्मोस्टॅट, लाल आकडे दाखवणारा आणि वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला. महाराणी रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. हवेसाठी खाली तीन आणि वर तीन भोकं, पेन्सिल जाईल एवढी.

पेटीत दोष नव्हता. तो थर्मोस्टॅटच्या मेनूत होता आणि तिथे कुणी गेलंच नव्हतं.

अंडी

जपानी बटेराचं अंडं १० ते १२ ग्रॅमचं, उबवण १७ ते १८ दिवसांची. किराणा दुकानात खायला मिळतात ती अंडी बहुधा नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची असतात, त्यांतून काही निघत नाही. उबवणीसाठी अंडी फार्मवरूनच घ्यावीत, आणि दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: एका नरामागे माद्या किती (तीनपर्यंत ठीक) आणि अंडी किती दिवसांची. पहिल्या खेपेला महूकडच्या फार्मवरून आणताना दुसरा प्रश्न राहिला. अंडी फार्मवर पाच दिवस पडून होती. घरी आल्यावर पेटी जोडण्यात आणखी चार दिवस गेले आणि तोवर ती स्वयंपाकघरातल्या फळीवर होती. दुपारी तिथे बत्तीस अंश.

एक कडेची गोष्ट. रानात फिरणारा लावा हा वेगळा पक्षी, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो; त्याची अंडी उचलून आणणं गुन्हा आहे. पाळतात तो जपानी बटेर. तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाहून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आला आणि तिथून देशभर पसरला.

पहिली खेप

१० मार्चला संध्याकाळी सातला अंडी आत गेली. हा दिवस शून्य. ११ तारखेच्या संध्याकाळी सातला पहिला दिवस पुरा. ही मोजणी चुकली की पुढचं सगळं एका दिवसाने सरकतं, आणि ती फार जणांची चुकते. थर्मोस्टॅटवर ३७.७ लावलं. पंखा असलेल्या पेटीला ३७.५ ते ३७.७ बरोबर. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण अंशभर जास्त ठेवावं लागतं, कारण तिथे वरची हवा गरम आणि खालची गार असते.

ओलाव्यासाठी पाण्याची एक वाटी. ओलावा दाखवणारं यंत्र ५० म्हणत होतं, म्हणजे पहिल्या चौदा दिवसांसाठी ठीक (४५ ते ५५ टक्के). अंडी दिवसातून तीनदा फिरवली. पुस्तकी सल्ला असा की पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढावा. बटेराच्या चट्ट्यापट्ट्यांच्या कवचावर ती फुली शोधण्यातच पेटी गार होते. त्यापेक्षा अंडी ट्रेमध्ये टोक खाली करून दाटीने उभी करावीत आणि ट्रेच्या एका कडेखाली चार बोटं उंचीचा लाकडी ठोकळा सरकवावा. पुढच्या वेळी तोच ठोकळा दुसऱ्या कडेखाली. अंड्याला हात न लावता ते दोन्हीकडे कलतं.

२४ तारखेला, चौदा दिवस झाल्यावर, अंडी आडवी केली, फिरवणं बंद केलं, पाण्याची दुसरी वाटी ठेवली. यंत्र ६५ दाखवू लागलं. २७ ला सतरा दिवस पुरे झाले. पेटी शांत. २८ ला काही नाही. मग झाकण उघडणं सुरू झालं. अंडं कानाला लावून बघायचं, उजेडात धरून बघायचं, परत ठेवायचं. पहिला टोचा, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने कवचाला पाडलेलं भोक, दिसला २९ च्या सकाळी, साडेअठरा दिवसांनी. त्यानंतर तर विचारायलाच नको.

“काकू, झाकण नका ना उघडू.”

“अरे, आतून आवाज येऊन राहिलाय. ते बिचारं अडकलंय.”

वहीत त्या दोन दिवसांत झाकण उघडल्याच्या तेवीस नोंदी आहेत. नोंद न केलेल्या वेगळ्या. झाकण दहा सेकंद उघडं राहिलं की यंत्रावरचा ६५ चा आकडा ३५ वर यायचा आणि परत चढायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. मार्चअखेर इंदूरची दुपारची हवा पापडासारखी कोरडी असते. टोचा पडलेल्या अंड्यातला ओला पापुद्रा अशा हवेत चामड्यासारखा आवळतो आणि पिल्लाला आत वळता येत नाही. बाहेर यायचं तर पिल्लाला कवचाच्या आत गोल फिरत चोचीने कड कापावी लागते. पापुद्रा अंगाला चिकटला की फिरणं थांबतं. बाहेर काढायला म्हणून उघडलेलं झाकण असं त्यालाच आत कोंडतं.

३१ च्या सकाळपर्यंत तेरा पिल्लं बाहेर. त्यानंतर एक दिवस वाट पाहून पेटी बंद केली.

परात

फोडायची रीत साधी. अंडं बोथट टोकाकडून फोडायचं, कारण हवेची पोकळी तिथे असते. आधी पोकळी केवढी ते बघायचं, मग पापुद्र्याचा रंग आणि ओल, मग पिल्लू कुठवर वाढलं होतं ते, आणि शेवटी पोटाखालचा पिवळा बलक आत ओढला गेलाय की बाहेर लोंबतोय. उघड्यावर करावं, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत; एखादं अंडं फुटतं ते आवाज करत.

पस्तीस अंड्यांत आठ पूर्ण कोरी निघाली. सहांत रक्ताची बारीक कडी होती, म्हणजे वाढ सुरू होऊन पहिल्या तीन-चार दिवसांत थांबलेली. तीन मधल्या टप्प्यावर मेलेली. एवढी बहुतेक खेपांत निघतात, त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. अकरांत पिल्लू पूर्ण वाढलेलं, पिसांसकट, पण टोचाच नाही. आणि सात टोचा मारून मेलेली, पापुद्रा तपकिरी आणि कडक, पिसं कवचाला चिकटलेली.

हे पाच ढीग म्हणजे पाच वेगळी कारणं. सरसकट ‘पेटी बिघडली’ म्हणणारा माणूस पुढच्या खेपेला नवी पेटी आणतो आणि तेच भोगतो.

कोरी आणि रक्ताच्या कडीची मिळून चौदा: यांचा पेटीशी फारसा संबंध नाही. काही मुळातच फलित नव्हती, आणि उरलेल्यांचं त्या फळीवर बिघडलं. अंडं साधारण बावीस-चोवीस अंशांच्या वर ठेवलं की आतला जीव अर्धवट जागा होतो. वाढ सुरू होते, पण नीट चालत नाही, आणि खऱ्या उबेत गेल्यावर तो टिकत नाही. अंडी १५ ते १८ अंशांत ठेवावीत आणि सातव्या दिवसाच्या आत लावावीत. तीन-चार दिवसांची असतील तर उत्तम. फ्रिजची चार अंशांची थंडी फार होते. घरातला तोडगा म्हणजे माठ ठेवतात ती सावलीची जागा, भोवती ओलं फडकं, पण पाणी अंड्याला लागता कामा नये. अंडी धुवायचीही नाहीत. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते.

पूर्ण वाढून टोचा न मारलेली अकरा: इथे खरं उत्तर होतं. नऊमध्ये बलक पूर्ण आत गेला नव्हता. म्हणजे पिल्लं तयारच झाली नव्हती. दिवस भरले होते पण वाढ मागे होती. पहिला टोचा दीड दिवस उशिरा पडला, तोही याच दिशेने बोट दाखवतो. ऊब कमी पडली. पण आकडा तर ३७.७ दाखवत होता.

आकडा खोटं कसा बोलला

पुतण्याने थर्मोस्टॅट तपासला तो स्टीलच्या पेल्यात. पेल्यात कोमट पाणी, त्यात सेन्सर आणि ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, दोघांची टोकं एकत्र, चमच्याने सतत ढवळत. ताप मोजायचं थर्मामीटर ३७-३८ च्या पट्ट्यातच सर्वांत अचूक असतं आणि आपल्याला नेमका तोच पट्टा हवा असतो. उकळत्या पाण्यात तपासू नये. एक तर शंभर अंश आपल्या कामापासून फार लांब, शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. पेल्यात थर्मामीटर ३७.४ म्हणालं आणि सेन्सर ३७.९. अर्धा अंश इथेच गेला.

दुसरी गफलत मोठी होती. डब्ल्यू-१२०९ मध्ये सेट बटण पाच सेकंद दाबून धरलं की पी० पासून पी६ पर्यंत मेनू येतो. त्यात पी१ म्हणजे बल्ब बंद झाल्यावर तापमान किती उतरलं की तो परत लावायचा. कारखान्यातून हा आकडा २.० येतो. पाण्याच्या टाकीला तो चालेल, अंड्यांना नाही. ३७.७ ला बल्ब बंद व्हायचा आणि थेट ३५.७ ला परत लागायचा. त्यातून सेन्सरचा अर्धा अंश वजा केला तर अंड्यांभोवतीची हवा ३५.२ ते ३७.२ मध्ये झुलत होती, सरासरी ३६.२ च्या आसपास. आकडा ३६ दिसला की काकूंना वाटायचं, चढतोय.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पी१ केला ०.३. पी४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती, तो केला -०.५. सेन्सर बल्बशेजारी लोंबत होता, तो ट्रेच्या मध्यभागी, अंड्यांच्या पातळीला बांधला. मग रिकामी पेटी पूर्ण एक दिवस चालवली आणि दर दोन तासांनी आकडा लिहिला: ३७.४ ते ३७.९. बल्ब विझल्यावरही त्याची ऊब क्षणभर चढत राहते, म्हणून वरचा आकडा थोडा पुढे जातो. तेवढं चालतं. चाळीसच्या वर मात्र थोडा वेळही धोक्याचा. अंडी तासभर थोडी गार पडली तर उशीर होतो, तापली तर मरतात. म्हणून लाइट गेली की घाई करू नये: झाकण बंद, पेटीवर गोधडी, वरची भोकं अर्धी उघडी. तासाभराच्या वर गेलं तर कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आत. पेटी इन्व्हर्टरवर असेल तर पंख्याचा अडॅप्टरही त्याच बोर्डावर आहे ना ते बघावं. बल्ब चालू आणि पंखा बंद, हे लाइट जाण्यापेक्षा वाईट.

ओलाव्याच्या यंत्राचीही झडती झाली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळवायचं नाही), ते झाकण आणि यंत्र एका हवाबंद डब्यात रात्रभर. डब्यातला ओलावा ७५ टक्क्यांवर स्थिरावतो. यंत्र ८२ म्हणत होतं. म्हणजे पहिल्या खेपेतले ५० हे ४३ होते आणि शेवटचे ६५ हे ५८. परातीतल्या पूर्ण वाढलेल्या पिल्लांच्या अंड्यांत हवेची पोकळी अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी का होती, ते इथे कळलं. अंडी सुकली होती. टोचा मारून मेलेल्या सातांवर दोन्हीचा मारा झाला: आधीपासूनचा कोरडेपणा आणि वर झाकणाचा खेळ. ऊब कमी म्हणून उशीर, उशीर झाला म्हणून चलबिचल, आणि चलबिचलीपायी उघडलेलं झाकण.

दुसरी खेप

७ एप्रिल, संध्याकाळी सात. अंडी तीन दिवसांची, आणल्यावर रात्रभर टोक खाली करून विसावलेली. गाडीच्या धक्क्यांनी हलवलेली पोकळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. पेटी या वेळी आतल्या खोलीत, कूलरपासून लांब. पहिल्या खेपेला ती कूलरच्या खोलीत होती. नुसत्या वाऱ्याचा प्रश्न नाही. कूलर चालू असताना खोलीची हवा ओली, रात्री बंद केला की कोरडी, आणि पेटी तीच हवा आत ओढते.

ओलाव्याच्या यंत्रावर पूर्ण विश्वास न टाकता या वेळी वजन केलं. सराफ्यात चांदीची किरकोळ मोड तोलतात तसला खिशातला काटा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा. बारा अंड्यांवर क्रमांक घालून ती एकत्र तोलली. सुरुवातीला १३२.४ ग्रॅम. चौदाव्या दिवसापर्यंत वजन दहा-अकरा टक्क्यांनी उतरायला हवं, म्हणजे सातव्याला साधारण पाच टक्के. सातव्याला काटा म्हणाला १२३.६: जवळपास पावणेसात टक्के गेले, फार भराभर. इथे लोक वाटीत आणखी पाणी ओततात. त्याने काही होत नाही. ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर ठरतो. वाटी काढून बिस्किटाच्या डब्याचं पसरट झाकण ठेवलं आणि त्यात भांडी घासायच्या नव्या स्पंजच्या दोन वड्या उभ्या केल्या. चौदाव्याला ११८.५, म्हणजे साडेदहा टक्के. बरोबर निशाण्यावर. ओलाव्याचं यंत्र नसलं तरी चालेल, काटा मात्र हवा, असं आमचं मत आहे.

आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत उजेडाची तपासणी. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक. कोंबडीच्या अंड्यात शिरा स्पष्ट दिसतात. बटेराच्या चट्ट्यांतून तसं काही दिसत नाही. काळसर गोळा आणि वर उजळ पोकळी दिसली तर चांगलं, सगळं अंडं पिवळं उजळलं तर कोरं. शंका आली तर अंडं परत आत. या वेळी पाच नक्की कोरी निघाली, सहावं शेवटी परातीत कळलं. वजनाच्या बारांत कोरं निघालं तरी ते चौदाव्या दिवसापर्यंत काढायचं नाही, नाहीतर हिशेब मोडतो.

२१ एप्रिलला फिरवणं बंद. ट्रेच्या तळाला ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी, कारण पिल्लाचे पाय पहिल्या तासापासून पकड शोधतात. पाण्याची पसरट झाकणं एकाची दोन केली, ओलावा खरा (यंत्राची चूक वजा करून) ६८. वरची तीनही भोकं उघडी, कारण शेवटच्या दोन दिवसांत पिल्लं फुप्फुसांनी श्वास घेऊ लागतात आणि हवा जास्त लागते. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. एप्रिलमध्ये मुंग्यांना टोचा पडलेल्या अंड्याचा वास लांबून लागतो आणि त्या त्या भोकातून आत शिरतात. झाकणावर आडवी चिकटपट्टी, तिच्यावर काकूंच्याच अक्षरात: शनिवारपर्यंत बंद.

पहिला टोचा २४ ला पहाटे. अंड्यांत टकटक ऐकू येते, आणि बटेराची पिल्लं कवचाआडून एकमेकांचे हे आवाज ऐकून बाहेर येण्याची वेळ जुळवतात. ऊब सारखी असली की हे जुळतं. या वेळी बहुतेक पिल्लं चौदा तासांच्या आत निघाली; पहिल्या खेपेला दोन दिवस लागले होते. ती आतच सुकू दिली. पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू दिवसभर खाण्यापिण्याशिवाय राहतं, ओलं पिल्लू उचलून बाहेर काढायची काही गरज नसते. पट्टी एकदाच निघाली, २५ च्या सकाळी. चौतीस.

पहिले दहा दिवस

बटेराचं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं, अंगठ्याच्या पेराएवढं. पहिल्या खेपेतल्या तेरांपैकी चार इथे गेली होती: दोन पाण्यात बुडून, एक थंडीने, एक पाय फाकून.

पाण्याची भांडी म्हणजे बरणीचं झाकण, त्यात गोट्या भरून मधल्या फटींत पाणी. पिल्लू पिऊ शकतं, पडू शकत नाही. पहिला आठवडा हे सोडायचं नाही.

तळाला वर्तमानपत्र कधीच नको. त्यावर पाय घसरतात, दोन दिवसांत मांड्या बाहेर वळतात. खडबडीत पुठ्ठा किंवा सुटे दोरे नसलेलं गोणपाट. सुटा दोरा बोटांना गुंडाळतो आणि बोट काळं पडतं. पाय फाकलेलं पिल्लू पहिल्या दिवशीच सापडलं तर चिकटपट्टीच्या पातळ फितीने दोन्ही पाय साधारण नैसर्गिक अंतरावर बांधावेत, दोन-तीन दिवस. पहिल्या खेपेला दोन पिल्लांना असं झालं होतं. एकाला लगेच बांधलं, ते चालू लागलं, दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी बांधलं, ते वाचलं नाही.

ऊब पहिल्या दिवसांत ३५ ते ३७, मग आठवड्याला तीन अंशांनी कमी. हा नियम सगळीकडे लिहिलेला असतो, पण इंदूरच्या एप्रिलला तो डोळे मिटून लावता येत नाही. दुपारी खोलीच छत्तीसवर जाते. तेव्हा बल्ब चालू ठेवला तर पिल्लं पंख पसरून, चोच उघडून कोपऱ्यात जाऊन पडतात. रात्री बाहेर तेवीस, आणि तेव्हा बल्ब नसला तर एकमेकांवर चढून खालची चेंगरतात. पहिल्या खेपेतलं एक असंच पहाटे गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट पेटीतून काढून ब्रूडरला, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्याला, लावला आणि बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला ठेवला, म्हणजे गरम-गार निवड पिल्लांची. ती सगळीकडे सारखी विखुरलेली, हळू चिवचिवत असली की ठीक. एका सुरात तीव्र ओरडत असली की गारठलीयत.

खाणं: बटेराच्या पिल्लाला चोवीस-पंचवीस टक्के प्रथिनं लागतात, ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं पहिलं खाद्य) बावीस-तेवीस असतात. रोज उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा चिमूटभर घालून भरपाई होते, पण तो तासा-दोन तासांत उचलायचा, एप्रिलमध्ये आंबतो. प्री-स्टार्टर मिक्सरमधून फिरवून रव्यासारखं करून द्यावं. त्याचा दाणा पिल्लाच्या चोचीला मोठा पडतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडांवर येतं. पाच आठवड्यांत एका पक्ष्याला अंदाजे अर्धा किलो खाद्य लागतं. पिल्लं रोज एक-दोन अशी मरत राहिली तर घरी औषधं बदलत बसू नये. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ताजं मेलेलं पिल्लू बर्फात घालून तिकडे न्यावं.

दोन आठवड्यांनी उडी मारायला लागतात, सरळ वर, आणि डोकं आपटतं. झाकणाला पत्रा किंवा लाकूड नको, ताणलेली मच्छरदाणी. मांजर हा लोकमान्य नगरात नेहमीचा प्रश्न, म्हणून तिच्यावर लोखंडी जाळी वेगळी. तिसऱ्या आठवड्यात छाती बघून नर-मादी कळतात: विटकरी आणि कोरी ती नराची, करड्यावर काळे ठिपके ती मादीची. बत्तीस जगली होती, त्यांत नर सतरा. बारा जास्तीचे नर त्याच आठवड्यात वेगळे केले, नाहीतर माद्यांच्या डोक्यांवरची पिसं उपटली जातात. सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, दिवसाचा उजेड चौदा तासांहून कमी पडला नाही तर.

दुसऱ्या खेपेची परात लहान होती. चौदा: सहा कोरी, दोन रक्ताच्या कडीची, दोन मधली, तीन पूर्ण वाढून टोचा न मारलेली, एक टोचा मारून मेलेलं. फलित अंड्यांचा हिशेब धरला तर पहिल्या वेळी चाळीसांतून तेरा, आता बेचाळीसांतून चौतीस. ती तीन न टोचलेली अंडी वहीत लाल पेनाने गोल केलेली आहेत, कारण तिन्ही ट्रेच्या एकाच कोपऱ्यातली, खालच्या भोकाशेजारची. तिथे ताप मोजायचं थर्मामीटर टेकवून ठेवलं तर ३६.९. तिसऱ्या खेपेला त्या भोकासमोर पुठ्ठ्याची आडवी पट्टी लावायची आणि दर दोन दिवसांनी ट्रे उलटा फिरवायचा, एवढं वहीत लिहून ठेवलंय. ती खेप पाऊस पडल्यावर; मेमध्ये खोलीच अडतीसवर गेली तर थर्मोस्टॅट पेटी गार करू शकत नाही.